गोठ्याचं कुलूप

त्या उन्हाळ्यात मी रोज सकाळी माझ्या सासूबाईंना पाणी पिताना बघायचे. उठल्या की तोंड धुऊन त्या तांब्या तोंडाला लावायच्या, आणि मी ओट्यापाशी भांडी विसळत असल्याचं नाटक करत त्यांच्या घशाकडे नजर लावून उभी असायचे. घोट खाली उतरला की माझा श्वास सुटायचा. मग मी चहा ठेवायचे. असं कित्येक आठवडे चाललं होतं आणि ते त्यांनाही ठाऊक होतं.

सासवा-सुना एकमेकींना पाण्यात पाहतात म्हणतात. आमच्या घरात ते खरोखरच चाललं होतं, फक्त कारण निराळं होतं. आमची एक म्हैस पिसाळून मेली होती, आणि ती मरायच्या आधी सासूबाईंनी तिच्या घशात कोपरापर्यंत हात घातला होता. हा आजार माणसात उतरला की माणसाला पाणी गिळता येत नाही आणि मग कुणाच्याच हातात काही उरत नाही. इंजेक्शनं झाली होती, पण ती भांडून, रडून, अर्धा दिवस वाया घालवून. त्या अर्ध्या दिवसानं काय केलं असेल ते कुणी सांगू शकत नव्हतं, म्हणून मी पाणी बघत होते.

मी पूनम सागर कॉम्प्लेक्समधली. त्याआधीची परळची, पण वडिलांनी खोली सोडून मीरा रोडला वन बीएचके घेतला तेव्हा मी शाळेत होते, त्यामुळे माहेर म्हटलं की मला पूनम सागरच आठवतं. आमच्या घरात प्राणी म्हणजे गॅलरीतली कबुतरं, आणि तीही आईनं जाळी बसवून बंद करून टाकलेली. पुढे मी एका शाळेच्या ऑफिसात लागले. त्या शाळेची बस चालवणाऱ्या माणसाशी मी लग्न केलं. लग्नाआधी त्यानं मला त्याच्या गावची, चेण्याची खाडी दाखवली, डोंगर दाखवला, गावदेवीचं देऊळ दाखवलं. म्हशी तेवढ्या दाखवल्या नाहीत.

त्यांच्या घरची पूर्वी भातशेती होती, भाईंदरकडच्या मिठागरात वाटा होता. ते सगळं गेलं. राहिलं ते घर, घरामागची जागा आणि त्या जागेवरचा गोठा. सासरे गेले तेव्हा सासूबाई जेमतेम तिशीच्या होत्या. पदरात चार पोरं आणि गोठ्यात नऊ म्हशी. भावकीतल्या शहाण्यांनी म्हशी विकून टाक असं सांगितलं. त्यांनी म्हशी ठेवल्या आणि भावकीशी बोलणं कमी केलं. चारही पोरं त्या दुधावर शिकली, लग्नाला लागली. त्या बदल्यात सासूबाईंनी आयुष्यात एक रात्र घराबाहेर काढली नाही. त्यांचं माहेर राईला, म्हणजे काही विलायतेला नाही. सख्ख्या भाचीच्या हळदीला गेल्या तेव्हा मांडवात बेंजो सुरू झाला होता, पानं मांडली होती, आणि या अर्धं जेवण टाकून संध्याकाळच्या धारेला परत. भाऊ रागावला तर म्हणाल्या, "नवरी माजेबिगर नाचंल. म्हस माजेबिगर पानवत न्हाय."

लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात सासूबाई एका सकाळी मागच्या दारातून आत आल्या. उजवा हात खांद्यापर्यंत रक्तानं आणि चिकट पाण्यानं भरलेला. अडलेली म्हैस सोडवून आल्या होत्या. मला म्हणाल्या, "च्या ठेव गो." मी चहा ठेवला आणि मोरीत जाऊन ओकले. त्यांनी ते सगळ्या गावाला हसत हसत सांगितलं.

तो हात म्हणजे घोडबंदर रोडच्या गोठ्यांमधली बडी आसामी होती. आंब्याचे दिवस आले की म्हशींच्या घशात कोयी अडकायच्या. बिल्डिंगा वाढल्या, कचऱ्याच्या पिशव्या रस्त्यावर आल्या, म्हशी त्यांत तोंड घालायच्या. मग कुठला तरी तबेलेवाला भय्या दारात यायचा, "अम्मा, चलो, भैंस के गले में अटका है." अम्मा माझ्या स्कूटरवर मागे बसायच्या. कुणाला तरी दोर धरायला लावायच्या, जीभ स्वतः डाव्या हातानं बाजूला ओढून धरायच्या, म्हणजे दाढा बसत नाहीत, आणि उजवा हात सावकाश आत. डोळे मिटलेले. बाहेर आला की मुठीत कोय. ती पाण्यात धुऊन निरखायच्या. "पायरी हाय. बिल्डिंगवाल्यांची." त्यांचा हात रिकामा परत आलेला मी कधी पाहिला नव्हता.

त्याच हाताची बोटं त्या वासरांच्या तोंडात द्यायच्या. आई मेलेल्या किंवा आईनं टाकलेल्या वासराला बादलीतलं दूध प्यायचं कळत नाही. ते मान वर करूनच चोखतं. मग बोटं दुधात बुडवून त्याच्या तोंडात द्यायची, त्यानं चोखायला घेतली की हात हळूहळू बादलीत न्यायचा. वासरू बोटांच्या मागोमाग दुधापर्यंत येतं. मला अनेकदा म्हणाल्या, करून बघ. मी कधी केलं नाही. ती खरखरीत जीभ, ती लाळ. मी दूध मोजेन, पोचवेन, सोसायटीतल्या बायकांशी हुज्जत घालेन, पण तोंडात बोट घालणार नाही, हे माझं ठरलेलं होतं.

आणखी एक रीत होती. जनावर मरायला टेकलं की सासूबाई त्याच्यापुढे बसायच्या आणि आपल्या हातानं त्याला पाणी दाखवायच्या. प्यायलं तर ठीक, नाही तर नुसतं नाकापुढे धरायचं. "ज्याना आपल्याला दूध दिला त्याला जाताना पानी दावायला नको?" असं विचारायच्या.

त्या वर्षी गोठ्यात तीन म्हशी उरल्या होत्या. त्यातली एक कपाळावर पांढरा ठिपका असलेली, तिला आम्ही टिकलीवाली म्हणायचो. तिची आई ती जन्मली तेव्हाच मेली होती आणि सासूबाईंनी तिला बोटं चोखायला देऊन वाढवली होती. ती आता पहिलटकरीण होती. सासूबाई तिच्या पोटावर हात फिरवत तासन्‌तास बसायच्या. आमच्या मुलीच्या वेळी त्या माझ्यापाशी इतक्या बसल्या नव्हत्या, हे मी तेव्हाही बोलून दाखवलं होतं.

मे महिना होता. शाळा बंद, त्यामुळे नवरा घरी. आदल्या दिवशी राईहून चिंबोऱ्या, म्हणजे खाडीचे खेकडे, आल्या होत्या. सासूबाईंनी त्या साफ केल्या आणि चिंबोरीच्या नांग्यांनी बोटं जागोजागी कापून घेतली. असं नेहमीच व्हायचं, त्याला आमच्याकडे कुणी जखम म्हणत नाही. सकाळी टिकलीवाली चाऱ्याला तोंड लावेना. तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या. मान पुढे काढून ती काहीतरी गिळायला बघत होती आणि गिळता येत नव्हतं. मागचे पाय लटपटत होते.

"कोय अडकली," सासूबाई म्हणाल्या.

नवऱ्यानं बाकीच्या दोघी अंगणात नेऊन बांधल्या आणि दोर धरला. मी टॉर्च धरला. त्यांनी जीभ ओढली, डोळे मिटले आणि हात आत घातला. बराच वेळ चाचपत राहिल्या. हात बाहेर आला तो रिकामा. त्यांनी पुन्हा घातला, आणखी आत. तोही रिकामा. "साफ हाय," त्या म्हणाल्या आणि आपल्या हाताकडे बघत राहिल्या, जणू चूक हाताची होती.

तेवढ्यात टिकलीवाली ओरडली. तो तिचा आवाज नव्हता. घोगरा, फाटलेला, मध्येच तुटणारा. मला म्हशींतलं काही कळत नाही, पण रोज ऐकलेला आवाज बदलला की कुणालाही कळतं. मी अंगणात जाऊन सरकारी दवाखान्यातल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

त्या आल्या आणि गोठ्याच्या दारातच थांबल्या. आत आल्या नाहीत. टिकलीवाली गव्हाणीच्या भिंतीला डोकं आपटत होती. बाईंनी बराच वेळ नुसतं बघितलं. मग विचारलं, "हिला इतक्यात कुत्रं चावलं होतं का?"

होळीच्या सुमारास एक कुत्रं गोठ्यात शिरलं होतं. सासूबाईंनी काठी घेऊन ते हाकललं होतं. टिकलीवालीच्या नाकपुडीवर ओरखडा होता, त्यावर त्यांनी हळद भरली होती. ओरखडा दोन दिवसांत सुकला आणि सगळेच तो विसरले.

"तोंडात हात कुणी घातला का?" बाईंनी विचारलं.

नवरा माझ्याकडे बघायला लागला, मी जमिनीकडे.

"मी घातला," सासूबाई म्हणाल्या. "दोनदा."

"आजी, हात दाखवा."

त्यांनी हात पुढे केला. बोटांवरचे ते चिंबोरीचे काप बाईंनी एकेक करून बघितले. मग त्यांना नळाखाली नेलं, साबण दिला आणि धुवायला लावलं, थांबा म्हणेपर्यंत. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "म्हशीचं आत्ता नक्की सांगता येत नाही. पण मी नक्की आहे असंच समजून वागणार आहे. तुम्हीही तसंच वागा. यांना आत्ताच्या आत्ता इंजेक्शन आणि जखमांमध्ये सीरम. तुम्ही दोघांनीही घ्या. आणि आता गोठ्यात कुणीही जायचं नाही."

मला आजही त्या गोष्टीचा राग येतो. एखाद्या अडाण्याच्या हातून हे झालंच नसतं. मी एकटी असते तर लाळ बघूनच लांब पळाले असते आणि वाचले असते. ज्या बाईनं आयुष्यभर जनावरांच्या घशातून कोयी काढल्या, तिलाच त्या दिवशी कोय दिसली, आणि जिथे हात घालायचा नाही नेमक्या तिथेच तिनं हात घातला. मायेनं घातला, सवयीनं घातला. तिच्या जागी दुसरं कुणी असतं तर एवढ्या आत गेलंच नसतं.

सासूबाई जायला तयार नव्हत्या. "कोय खाली उतरली असंल. माजी म्हस पिसालली न्हाय," एवढंच एक वाक्य. नवऱ्यानं समजावलं, रडला, शेवटी हात जोडले. "आये, माझ्यासाठी चल ना." त्यांनी त्याच्या डोक्यावरून डावा हात फिरवला आणि पाण्याची बादली उचलून गोठ्याकडे निघाल्या. "मी उठून गेली तं तिला पानी कोन दावंल?"

तेव्हा मी ते केलं. आमच्या गोठ्याला कधीच कुलूप नव्हतं. मी पुढच्या दाराचं कुलूप काढलं, त्यांच्या आधी गोठ्याशी पोचले, कडी लावली, कुलूप घातलं आणि किल्ली ब्लाउजमध्ये खुपसली.

"चावी दे," त्या म्हणाल्या.

"आधी इंजेक्शन."

"चावी दे गो. तुजी म्हस न्हाय ती."

"सासू माझी आहे," मी म्हणाले.

हे मी मोठ्यानं बोलले. इतकी वर्षं त्या घरात राहून मी त्यांना असं काही म्हणाले नव्हते, आणि असं काही माझ्या मनात आहे हे मलाही तेव्हाच कळलं. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि गोठ्याच्या दाराला पाठ लावून बसल्या. मी त्यांच्यासमोर बसले. आतून टिकलीवालीचा फाटका आवाज येत होता. प्रत्येक ओरडण्याला त्यांचे डोळे मिटत होते. ऊन डोक्यावर आलं. शेजारच्या बायका कुंपणाशी जमल्या. एक जण मला म्हणाली, म्हातारीचे हाल करतेस. मी तिला तुझ्या घरी जा म्हणून सांगितलं. मनात मात्र एकच चाललं होतं. त्या हातातल्या कापांमधून काहीतरी वर चढतंय, आणि आपण इथे उन्हात बसून हट्टाला हट्ट देतोय.

शेवटी मी हरले, म्हणजे सौदा केला. म्हणाले, "तुम्ही इंजेक्शन घेऊन या. आलात की मी तुम्हाला खिडकीतून पाणी दाखवू देईन. बादली बांबूला बांधून आत सोडू. डॉक्टरीणबाईंना विचारून."

"खोटं तं न्हाय बोलतंस?"

"नाही."

त्या उठल्या. पाय धुतले, धुतलेलं लुगडं नेसल्या आणि स्कूटरवर माझ्या मागे बसल्या. भाईंदरच्या दवाखान्यात त्यांच्या बोटांच्या प्रत्येक कापात सुई घातली. बोटांत सुई किती दुखते ते मला नर्सच्या तोंडावरून कळत होतं. सासूबाईंनी हूं की चूं केलं नाही. फक्त नर्सला दोनदा म्हणाल्या, "बाय, लवकर कर. घरी पानी दावायचा हाय."

मी स्कूटर जितकी पळवता येईल तितकी पळवली. काशीमीऱ्याला सिग्नलवर थांबलो तेव्हा त्यांनी मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. त्यांनी कधीच धरलं नव्हतं, त्या नेहमी मागची कडी धरायच्या. घरी आलो तर नवरा अंगणात उभा होता. त्यानं नुसती मान हलवली.

गोठ्यातून आवाज येत नव्हता.

"चावी," सासूबाई म्हणाल्या. मी किल्ली दिली. पण डॉक्टरीणबाई तिथे होत्या, त्यांनी दार उघडू दिलं नाही. सासूबाईंनी खिडकीच्या गजांतून आत बघितलं. मग पाण्याची बादली बंद दारासमोर ठेवली आणि घरात निघून गेल्या. जेसीबी आला, खोल खड्डा झाला, चुना टाकला, हातमोजे घातलेल्या माणसांनी तिला उचललं. सासूबाई बाहेर आल्या नाहीत. ती बादली मीच संध्याकाळी ओतून टाकली. पुढे तपासणीत पिसाळल्याचं नक्की झालं.

त्या दिवसापासून त्या माझ्याशी बोलेनाशा झाल्या. पुढची इंजेक्शनं मात्र ठरलेल्या दिवशी निमूट घेतली. स्कूटरवर बसायच्या, मागची कडी धरून. माझ्याशी काही बोलायचंच असेल तर उरलेल्या म्हशींना सांगायच्या. "सांग हिला, पेंड संपली." मीही म्हशीलाच सांगायचे, "उद्या आणते म्हणावं." टिकलीवाली व्यायलीच नव्हती, तिचं दूध कुठे गेलंच नव्हतं, पण दोन्ही म्हशींचं दूध घेणाऱ्या एका सोसायटीतून निरोप आला, "भाभी, कल से दूध मत लाना, घर में बच्चे हैं." मी जाऊन भांडले. डॉक्टरीणबाई स्वतः येऊन बोलल्या. काहींनी परत घ्यायला सुरुवात केली, काहींनी नाही. मला खरं तर दुधाचं काही वाटत नव्हतं. माझं सगळं लक्ष त्या तांब्याकडे होतं.

बाईंनी मला सांगून ठेवलं होतं. जिथे जखम होती तिथे खाज, मुंग्या. मग घसा. मग पाणी नको, वारा नको. आता भीती फारशी नाही, पण लक्ष ठेवा. लक्ष ठेवा म्हणजे काय ते त्यांना माहीत नव्हतं. आंघोळीला गेल्या की मी मोरीबाहेर उभी राहून पाण्याचा आवाज ऐकायचे. पंखा लावला की त्या दचकतात का ते बघायचे. एकदा भाकरी गिळताना ठसका लागला तर माझ्या हातातली परात पडली.

मग शाळा सुरू झाल्या, पाऊस लागला. नवरा पहाटेच बस घेऊन जायचा. एके सकाळी सासूबाईंनी तांब्या उचलला, तोंडाजवळ नेला आणि खाली ठेवला.

मी विसळायचं थांबले.

त्या उजव्या हाताचं मनगट चोळत होत्या. आदल्या दिवशीही चोळत होत्या, मी बघितलं होतं आणि बघितलं नाही असं स्वतःला सांगितलं होतं.

"आई, पाणी घ्या," मी म्हणाले. म्हशीमार्फत नाही, सरळ.

त्यांनी मानेनंच नाही म्हटलं आणि गळ्यावर हात ठेवला.

मी तांब्या उचलून त्यांच्या तोंडाशी नेला. त्यांनी माझा हात लांब ढकलला. पाणी लुगड्यावर सांडलं आणि त्या शहारल्या. मला पुढचं सगळं दिसलं. खड्डा दिसला, चुना दिसला. मी नवऱ्याला फोन केला नाही, कारण तो पोरांनी भरलेली बस चालवत होता. रिक्षा आणली. रिक्षात त्या माझ्या खांद्यावर डोकं टेकून होत्या आणि अंग तापलं होतं. मी त्यांचा उजवा हात दोन्ही हातांत घट्ट धरला होता, आणि तो आता आपल्याला किती दिवस धरायला मिळेल याचा हिशेब मनात नको नको म्हणतानाही चालू होता.

दवाखान्यातल्या डॉक्टरांना मी सगळं एका दमात सांगितलं. ते ऐकून तेही सावध झाले. त्यांनी बॅटरीनं घसा बघितला, मान चाचपली, हात उलटासुलटा केला. मग कंपाउंडरला कोमट पाण्याचा ग्लास आणायला सांगितला आणि सासूबाईंच्या हातात दिला. "आजी, दुखेल. पण माझ्यासमोर प्या."

त्यांनी ग्लासाकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग ग्लास तोंडाला लावला आणि डोळे गच्च मिटून प्यायल्या. एक घोट. तोंड वेडंवाकडं झालं. दुसरा. तिसरा. ग्लास रिकामा करून त्यांनी टेबलावर उलटा ठेवला.

"घसा सुजलाय," डॉक्टर म्हणाले. "आणि हाताला पावसाळी नायटा. दिवसभर ओल्यात असतात ना?"

मी बाहेरच्या बाकावर बसून रडले. हुंदके देऊन, लोकांसमोर, लाज सोडून. सासूबाई शेजारी येऊन बसल्या. जरा वेळानं बसक्या आवाजात म्हणाल्या, "रडतंस कनाला? पिली ना पानी."

मी पदरानं तोंड पुसलं.

"रोज बगतंस मना. म्हाईत हाय." मग आपल्या हाताकडे बघत, "तिला मी पानी दावला न्हाय."

"मला माहीत आहे, आई."

"तू बराबर केलंस. तरी पन मी इसरनार न्हाय."

"नका विसरू."

"माजे जायचे येलंला कुलूप नको लावू."

मी म्हटलं, नाही लावणार. त्या वेळी काहीही कबूल केलं असतं. घरी येताना रिक्षावाल्याशी भाड्यावरून भांडल्या, त्यावरून बऱ्या होणार हे कळलं.

त्या पुढे बरीच वर्षं जगल्या. गोठ्यातल्या म्हशी गेल्या, एक उरली, तिला त्या मरेपर्यंत विकू देणार नाहीत हे सगळ्यांना कळलं होतं. मुलीला नोकरी लागली, तिनं भाईंदरच्या इंद्रलोकला भाड्यानं फ्लॅट घेतला, आजीला चार दिवस राहायला बोलावलं. आजी सकाळी गेली आणि संध्याकाळच्या धारेला परत.

गेल्या वर्षी त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली. तो हात पांघरुणावर नुसता पडून असायचा. हॉस्पिटलमधून घरी पाठवताना डॉक्टरांनी नाकातून नळी घालून दिली आणि मला बजावलं, तोंडानं पाणी द्यायचं नाही. गिळता येत नाही, पाणी छातीत जाईल. ओठ तेवढे कापसानं ओले करा. मी ते पाळलं. मी पाळणारीच आहे. राईहून भाची आली, चमचा घेऊन बसली. मी तिच्या हातातून चमचा काढून घेतला. नवरा म्हणाला, अगं, एक थेंब. मी त्यालाही ओरडले. सासूबाईंना बोलता येत नव्हतं, पण उशाशी ठेवलेल्या तांब्याकडे त्या बघायच्या, आणि मग माझ्याकडे. मी तांब्या उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवला.

मग एका दुपारी डॉक्टर घरी येऊन गेले. बाहेर ओटीवर नवऱ्याला म्हणाले, आता नळीचाही उपयोग नाही, जवळच्यांना बोलावून घ्या. मी आत उभी राहून ऐकलं. सगळे फोन करायला लागले. मी खोलीत गेले. त्या श्वास घेत होत्या, थांबत होत्या, घेत होत्या. डोळे उघडे होते.

कुलूप मीच लावलं होतं. पुन्हा. या खेपेला उघडायला उशीर करायचा नव्हता.

मी तांब्या आणला. आधी तो त्यांच्या डोळ्यांपुढे धरला, त्यांना दिसेल असा. त्यांची नजर त्यावर आली आणि थांबली. मग मी हात धुतले, उजव्या हाताचं बोट पाण्यात बुडवलं आणि त्यांच्या ओठांमधून आत घातलं. तोंड कोरडं होतं, जीभ खरखरीत. बोट तसंच ठेवलं. काहीच झालं नाही. मग जीभ हलली, बोटाभोवती आली आणि त्यांनी चोखलं, अगदी हळू. घशात थोडी हालचाल झाली.

मी ते बोट पुन्हा पाण्यात बुडवलं.